डावा अंगठा

त्या तिमाहीत माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत एकाही वृद्ध माणसाचा छळ झाला नाही, कुणाकडे दुर्लक्ष झाले नाही, कुणाला घरात एकटे कोंडले गेले नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तसे माझ्या सहीशिक्क्यानिशी वर लिहून दिलेले आहे. निवृत्त पोलिसाच्या आठवणीत एखादी तरी घटना ‘काल घडल्यासारखी’ असावी लागते. माझ्या बाबतीत ती एका कागदाची आहे. तो कागद कुठल्यातरी कपाटात आजही खरा धरला जातो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. भरती परीक्षा देऊन दिल्ली पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. शेवटच्या वर्षांत द्वारकेतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. द्वारका म्हणजे एकामागून एक सोसायट्या, प्रत्येकीला फाटक, फाटकावर रखवालदार आणि रखवालदाराकडे वही. आत कोण आले ते वहीत असते. आत कोण अडकले आहे, ते नसते.

एके दिवशी वरून प्रपत्र आले. वृद्धांचा छळ आणि त्यांच्याकडे होणारे दुर्लक्ष यांची सरकारला माहिती गोळा करायची होती. हेतू चांगला होता. वाईट हेतूने छापलेले प्रपत्र मी अख्ख्या नोकरीत पाहिले नाही. बीटवरच्या शिपायाने हद्दीतल्या प्रत्येक नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिकाच्या घरी जायचे, अकरा प्रश्न विचारायचे, शेवटी त्या ज्येष्ठाची सही किंवा अंगठा घ्यायचा. घरात कुणी मारते का, उपाशी ठेवते का, औषध नाकारते का, असे सरळ प्रश्न होते. फक्त पहिल्या पानावर एक सूचना होती, ‘माहिती कुटुंबप्रमुखाकडून घ्यावी.’ आता कुटुंबप्रमुख कोण? बाप म्हातारा झाला की मुलगा. म्हणजे म्हातारीला कोण छळते, हे तिच्या मुलाला विचारायचे आणि त्याने ‘कुणी नाही’ म्हटले की तशी खूण करायची. ही सूचना मी वाचली होती. त्यात काही चूक आहे, असे मला त्या वेळी वाटले नाही, हे नोंदवून ठेवतो.

सगळी प्रपत्रे भरून आली. मुन्शीने बेरीज करून विवरणपत्र बनवले: छळ निरंक, दुर्लक्ष निरंक. प्रत्येक प्रपत्राच्या तळाशी ‘तपासले, बरोबर आढळले’ असा शिक्का होता आणि त्याखाली माझी सही. एका बैठकीत मी सगळा गठ्ठा संपवला. चहा निवायच्या आत.

त्यानंतर ज्येष्ठांच्या सन्मानाचा कार्यक्रम झाला. मांडव, फुले, दीपप्रज्वलन. पंखा लावला की दिवा विझायचा आणि बंद केला की पाहुण्यांना घाम यायचा, त्यामुळे दिवा तीनदा प्रज्वलित झाला. मी भाषणात सांगितले की आपल्या हद्दीत छळाचे एकही प्रकरण नाही, ही आपल्या संस्कारांची पावती आहे. टाळ्या पडल्या. मग शाली वाटल्या. एका वृद्ध बाईंचे नाव पुकारले तर त्यांचा पन्नाशीतला मुलगा पुढे आला. माझ्या नावाच्या पट्टीकडे पाहून दिल्लीकडच्या मराठीत म्हणाला, “सर, आईला गर्दीने त्रास होतो ना, म्हणून मीच आलो.” परमुलखात आपला माणूस भेटला म्हणून मला बरे वाटले. शाल मी त्याच्याच खांद्यावर घातली. फोटो आहे.

तक्रार कुणीच केली नाही. खबर मिळाली ती इस्त्रीवालीकडून.

ठाण्याच्या बाजूला, एका सोसायटीच्या भिंतीलगत कडुनिंबाखाली एक बाई कोळशाची इस्त्री घेऊन बसत असे. आमचे गणवेशही तिच्याकडेच जात. एका सकाळी मी गाडीतून उतरलो तर तिने हाक मारली.

“साब, एक बात कहूँ, बुरा तो नहीं मानोगे?”

“बोलो.”

“वो मराठी वाली माताजी नहीं हैं, चौथे माले की? उनकी साड़ी नहीं आ रही.”

मी म्हणालो, दुसरीकडे देत असतील.

“मेरे सिवा किसी को नहीं देतीं. खुद नीचे आती थीं, सिर पे खड़ी रहतीं. घड़ी ऐसे नहीं, वैसे करो. जान खा जाती थीं मेरी. बेटे की कमीज रोज़ आती है. साड़ी चार महीने से एक नहीं.”

“मॅक्सी पहनती होंगी अब. उमर हो गई.”

तिने इस्त्री बाजूला ठेवली. “साब, वो मैक्सी में बालकनी तक नहीं आती थीं. और मरने वाले के कपड़े भी एक बार तो आते हैं. बाँटने से पहले.”

चौथ्या मजल्यावरच्या मराठी बाई म्हणजे ज्यांची शाल मी त्यांच्या मुलाला घातली होती, त्याच. मी ठाण्यात गेलो आणि त्यांचे प्रपत्र काढायला सांगितले. बाईंच्या काळजीने नव्हे. माझा निरंक शाबूत आहे ना, हे मला पाहायचे होते.

प्रपत्र व्यवस्थित भरलेले होते. अकराही प्रश्नांना ‘नाही’. शिक्षण: एम.ए. पूर्व व्यवसाय: केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त. आणि तळाशी, सहीच्या जागी, अंगठा.

चौतीस वर्षे सरकारी कागद हाताळलेली एम.ए. झालेली बाई अंगठा लावते? आणि अंगठ्याशेजारी शिपायाने प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे लिहिले होते, ‘बायाँ’, म्हणजे डावा. आमच्याकडे पुरुषाचा डावा आणि बाईचा उजवा अंगठा घेण्याचा रिवाज आहे. बाईचा डावा कधी घेतात, तर उजवा घेण्यासारखा नसतो तेव्हा. हे पोलिसातल्या नव्या रंगरुटालाही कळते. त्या ठशाच्या बोटभर खाली माझी सही होती.

या प्रकरणातली खरी चौकशी झाली ती माझ्याच शिपायाची. तो पानिपतजवळच्या एका गावचा. मराठी साहेब आणि पानिपतचा शिपाई, यावर ठाण्यात जो विनोद होऊ शकतो तो पहिल्याच आठवड्यात होऊन गेला होता. पोरगा प्रामाणिक होता. मी प्रपत्र त्याच्यासमोर ठेवले.

“इनके घर गए थे?”

“गया था जनाब. चाय भी पी. बेटे ने खुद बनाई. भला आदमी है जी.”

“माताजी कहाँ थीं?”

“अंदर कमरे में. अंगूठा लेने मैं अंदर गया, बेटा दरवाज़े पे खड़ा रहा.”

“बायाँ क्यों लिया?”

तो गप्प झाला. मी वाट पाहिली. खोटे बोलणारा माणूस लगेच उत्तर देतो. गप्प होणाऱ्याला आठवत असते.

“जनाब, दायाँ हाथ दुपट्टे में बँधा था. सूजा हुआ था.”

“पूछा नहीं?”

“बेटे ने बताया, पुराना दर्द है. मन में तो आया था मेरे. पर जनाब, फारम में हाथ का कॉलम ना था.”

“माताजी कुछ बोलीं?”

“बोलीं, अंगूठा लेने से पहले पढ़कर सुनाओ, यही नियम है. मैंने कहा माताजी, सब ठीक ही लिखा है. फिर उन्होंने आप ही बायाँ आगे कर दिया.”

साडी नेसायला दोन हात लागतात. एवढी साधी गोष्ट माझ्या तपासकामाच्या सगळ्या अनुभवाला सुचली नाही, कडुनिंबाखालच्या बाईला सुचली. तिला अर्थात कुठले विवरणपत्र भरायचे नव्हते.

रोजनामच्यात नोंद करून, एका महिला सहायक उपनिरीक्षकाला बरोबर घेऊन मी निघालो. दुपारचे बारा वाजले होते. चौथ्या मजल्यावर त्या घराला बाहेरून कुलूप होते. मी दार वाजवले. आतून काठी घासत आल्याचा आवाज झाला आणि दाराशी थांबला.

मी मराठीत म्हणालो, “काकू, मी पोलीस ठाण्यातून आलोय.”

“कुठले तुम्ही?”

“सातारचा.”

आतून आवाज आला, “फॉर्मबद्दल आलात का?”

मी हो म्हणालो. ते खोटे नव्हते.

“फार उशीर केलात. छाननीला एवढे दिवस? आमच्याकडे आठवड्यात व्हायची.”

“हात कसा आहे?”

“आहे तसाच. दुखायचा थांबलाय, आता वळत नाही.”

“कुलूप तोडू का?”

“अजिबात नको. इथे मला राहायचंय, तुम्हाला नाही. त्याला फोन करा, येईल तो.”

मुलगा पाऊण तासात ऑफिसातून आला. तोवर आम्ही पायरीवर बसलो होतो. समोरच्या दोन दारांच्या भिंगांतून आमच्याकडे पाहिले जात होते, हे कळत होते. दार कुणी उघडले नाही. चार महिन्यांत उघडले नव्हते, तर आजच कशाला.

अशा प्रकरणांत सुनेला दोष द्यायची एक परंपरागत सोय असते. इथे तीही नव्हती. सून नोकरीनिमित्त बंगळूरला, मुलीसह. घरात मायलेक दोघेच. घर स्वच्छ होते. औषधांच्या डब्यांवर दिवसांच्या चिठ्ठ्या होत्या. जेवणाचा डबा रोज वेळेवर, मुलगा कामावर निघायच्या आत येत होता. मी घातलेली शाल फ्रिजवर होती, प्लास्टिकच्या पिशवीतच.

“बसा ना सर,” मुलगा म्हणाला. “चहा घेणार? मी बिल्कुल कोऑपरेट करेन.”

“काय झालं हाताला?”

“आई बाथरूममध्ये पडली. मी विचार केला, ठीक होऊन जाईल. मूव्ह क्रीम वगैरे लावलं.”

“दवाखान्यात का नेलं नाही?”

“सर, त्या हफ्त्यात मला बाहेर जायचं होतं, टूर होता. रिटर्न आल्यावर नेणार होतो.”

“आल्यावर का नाही नेलं?”

त्याने चष्मा काढून पुसला. गुन्हेगाराचे हात कापतात वगैरे लोक समजतात. मी पाहिलेले बहुतेक लोक अशा वेळी काहीतरी पुसतात.

“तोपर्यंत आठ दिवस झाले होते ना. डॉक्टर विचारला असता, आठ दिवस काय करत होता. मग मी म्हटलं, दोन दिवस अजून बघू. मग पंधरा झाले. मग तर जाणं आणखी मुश्कील झालं. तुम्ही समजता ना सर?”

“आणि कुलूप?”

“परत पडू नये म्हणून. आणि ती कुणाला काय सांगेल... म्हणजे, लोक गैरसमज करतात.”

मी समजलो, आणि त्याचाच मला राग आला. त्याने आईला कधी हात लावला नव्हता. दवाखाना नुसता पुढे ढकलला होता. एका दिवसाची चूक झाकायला दुसऱ्या दिवसाची, असे करत चार महिने. सरकारी नोकरीत ज्याने एकदा तरी फाइल दाबून ठेवली आहे, त्याला हे शास्त्र परके नाही.

काकू खाटेवर बसल्या होत्या. अंगात मॅक्सी, त्यावर टॉवेल ओढून घेतलेला. मी मान खाली घालून बसलो. त्यांनीच सुरुवात केली.

“तुम्हीच का तपासणी अधिकारी?”

“हो.”

“डावा अंगठा दिसला नाही तुम्हाला?”

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मी मुद्दाम दिला तो. सही डाव्या हाताने वेडीवाकडी का होईना, करता आली असती. पण वाटलं, बाईचा डावा अंगठा बघून छाननीत कुणीतरी थांबेल. आमच्याकडे थांबायचे लोक. त्यासाठीच ठेवलेले असायचे.”

“शिपायाला सरळ सांगायचं होतं, काकू.”

“पोटच्या मुलाबद्दल, तो दारात उभा असताना? तोंडाने नाही होत ते. कागदावर झालं असतं.”

त्यांना सरकारी रुग्णालयात नेले, वैद्यकीय-कायदेशीर नोंद केली. मनगटाचे हाड मोडले होते आणि वाकडेच जुळले होते. डॉक्टर म्हणाले की आता पुन्हा मोडून बसवावे लागेल, आणि या वयात त्याने फायदा होईलच असे सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात आणले असते तर प्लास्टरवर भागले असते. काकूंनी पुन्हा मोडून घ्यायला नकार दिला.

जबाब घेताना मी प्रत्येक वाक्य वाचून दाखवले. त्यांनी चार दुरुस्त्या सांगितल्या, चारही बरोबर होत्या.

“आता कुठल्या रकान्यात घालणार मला?” त्यांनी विचारले.

“मारलं का कधी?”

“नाही.”

“उपाशी?”

“डबा यायचा, सांगितलं ना. उगाच काही जोडू नका.”

“मग दुर्लक्ष.”

“चालेल. जास्त नको, कमी नको. फक्त तो ‘नाही’ पुसा. चौतीस वर्षं मी लोकांचे आकडे तपासले हो. माझा स्वतःचा खोटा जायला नको. आणि त्याच्यावर केस करू नका.”

केस करणे न करणे त्यांच्या हातात नव्हते आणि माझ्याही. गुन्हा नोंदवला. कलमे जामीनपात्र होती, मुलगा त्याच दिवशी सुटून घरी गेला. पुढे काकूंनी कोर्टात त्याच्या बाजूनेच सांगितले आणि प्रकरण मिटले. आया असेच करतात, याची कुठल्याही हुशार वकिलाला आधीपासून कल्पना असते. दिवसभरासाठी एक मदतनीस बाई ठेवली गेली, कुलूप गेले. मुलगा फाटकाशी दिसला की मला नमस्कार करायचा. मला त्याचा राग होता की नाही, हे विचारण्याइतका तो मूर्ख नव्हता.

राहिला त्यांचा ‘नाही’. ते एकच काम त्यांनी माझ्याकडे मागितले होते, म्हणून मी ते मनापासून केले. सुधारित विवरणपत्र बनवले: दुर्लक्ष, एक. सोबत जबाबाची, वैद्यकीय नोंदीची प्रत आणि माझी छाननीत चूक झाली अशी स्वच्छ कबुली जोडली. पोलीस खात्यात अशी कबुली लेखी देणे हा आत्महत्येचा सौम्य प्रकार समजला जातो, पण माझी निवृत्ती जवळ आली होती.

दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आले. सदर तिमाहीची माहिती अंतिम करण्यात आली असल्याने त्यात बदल करता येणार नाही. चालू तिमाहीत घालावे, तर घटना चालू तिमाहीतील नसल्याने तेही नियमात बसत नाही. तरी हे प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

मी फोनवर प्रयत्न केला. पलीकडचा अधिकारी सभ्य होता. म्हणाला, “सर, एक से क्या फर्क पड़ता है? ऊपर का टोटल तो जा चुका.”

ते पत्र मी स्वतः काकूंकडे घेऊन गेलो. दार मदतनीस बाईने उघडले. काकूंनी पत्र डाव्या हातात धरले, चष्मा लावून दोनदा वाचले.

“मसुदा चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “कुठे बोट ठेवायला जागा नाही.”

“मी आणखी वर लिहितो.”

“नका लिहू. मीही अशीच पत्रं लिहिली आहेत. शेकड्याने. जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक कळवायचे, अमुक नोंद चुकली, तमुक राहिला. आम्ही लिहायचो, माहिती अंतिम झाली आहे.” पत्राची घडी त्यांना एका हाताने जमेना. मी पुढे झालो, तर म्हणाल्या, “राहू द्या.” मग पत्र मांडीवर ठेवून मनगटाने दाबत त्यांनी घडी केलीच. “तेव्हा कधी वाटलं नाही की त्या प्रत्येक चुकलेल्या नोंदीमागे कुणीतरी माझ्यासारखं खाटेवर बसलेलं असेल. आकडा जुळला की आम्ही घरी जायचो.”

चहा आला. तो आम्ही दोघांनी घेतला. दोघेही तपासणी अधिकारीच होतो.

त्यानंतर दोन वर्षांनी काकू गेल्या, झोपेत, असे कळले. साड्या इस्त्रीला आल्या त्या तेव्हाच, एकदम सगळ्या. इस्त्रीवालीने त्यांची घडी काकूंच्या पद्धतीने घातली आणि पुढे मी त्या बाजूला गेलो तेव्हा मला तसे मुद्दाम सांगितले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते सांगायची पद्धत आहे. एवढेच शिकवले की जिथे एकही तक्रार नाही, तिथे आधी जावे. उत्तर घेण्यापूर्वी ते कोण देतो आहे आणि दारात कोण उभे आहे, हे पाहावे. कागदावरचे शब्द माणूस दुसऱ्याच्या भीतीने किंवा मायेने लिहून देतो. खरे बोलतो तो त्याचा हात, आणि तो वाचायला प्रपत्रात रकाना नसतो. निवृत्तीनंतर पोलीस प्रशिक्षणार्थींसमोर मी हे तीन ठिकाणी सांगितले. तिन्ही ठिकाणी मला शाल मिळाली.

आता मीही नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिक आहे. मागच्या महिन्यात बीटवरचा शिपाई तेच प्रपत्र घेऊन आमच्या घरी आला होता. मी आंघोळीला गेलो होतो. अकराही उत्तरे कुटुंबप्रमुख म्हणून माझ्या मुलाने दिली.